लेन्सच्या भावाची वही

१३ फेब्रुवारी २०२२. लेन्सचे भाव टिपायच्या माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ही तारीख आहे, आणि खाली एवढंच: "कुंभारगाव. रोहित अंदाजे चारशे. ३०० ला पुरत नाहीत. पुण्यात फोन केला, १,५८,०००."

त्या रविवारी पहाटे आम्ही भिगवणजवळ कुंभारगावात होतो. उजनीचं पाणी मागे सरकत होतं, चिखलाची पट्टी उघडी पडली होती आणि तिच्या कडेला रोहित पक्ष्यांची लांबच लांब रांग, माना खाली, चोची उलट्या पाण्यात. नावाड्यानं बरंच आधी यंत्र बंद केलं आणि काठीनं होडी हळूहळू पुढे नेली. मग एका जागी थांबून म्हणाला, "ताई, आता यापुढं नाही. अजून गेलो तर उठतील, आणि उठले की सकाळचं खाणं गेलं त्यांचं." माझ्याकडे ७०-३०० ची, म्हणजे ७० ते ३०० मिलिमीटरची लेन्स होती; हा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. तीनशेला घेतलेल्या चौकटीत पक्षी तांदळाएवढे दिसत होते. तेवढ्यात शेजारून दुसरी होडी वेगानं पुढे गेली, तिच्यातल्या दोघांकडे माझ्यासारख्याच छोट्या लेन्स होत्या, आणि अख्खी रांग उठली. आकाश गुलाबी झालं. त्या होडीतून टाळ्या ऐकू आल्या. आमचा नावाडी मात्र खाली पाण्याकडे बघत राहिला.

लांब पल्ल्याची लेन्स मला हवी होती ती यासाठी. पक्ष्यापासून दूर राहून त्याचं जगणं टिपता यावं म्हणून. मी बारामतीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझे फोटो वर्गात दाखवण्यासाठी असतात, विकण्यासाठी नसतात. त्यामुळे दीड लाखाची वस्तू घेताना ती कुठून वसूल होणार, हा हिशेब माझ्याकडे नव्हता. बाजूला टाकलेले नव्वद हजार होते. उरलेले दिवाळीपर्यंत जमतील आणि दिवाळीत ऑफरही असते, म्हणजे दोन्ही साधेल, असं ठरवून मी ते नव्वद हजार मुदत ठेवीत टाकले. त्याच दिवसापासून वहीत भाव लिहायला लागले. दर महिन्याला एक फोन, एक ओळ.

लेन्सचं आणि कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीची, ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स होती, एवढं पुरे. जे तिच्या बाबतीत झालं तेच थोड्याफार फरकानं सगळ्यांच्या लेन्सच्या बाबतीत झालेलं आहे.

मे २०२२ च्या ओळीत आकडा आहे १,६४,५००. पुण्यातले दुकानदार म्हणाले, "मॅडम, नवी प्राइस लिस्ट आली." तेव्हा मला छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांतला फरकही नीट माहीत नव्हता. डब्यावर छापलेली ती एमआरपी. पण दुकानदारांच्या बोलण्यात एक वेगळा आकडा असतो, त्याला ते एमओपी म्हणतात. यापेक्षा खाली विकू नका, असं कंपनीनं सांगितलेला तो भाव. तुम्ही दहा दुकानं फिरा, आठ ठिकाणी तोच आकडा ऐकू येतो, कारण तो दुकानदाराचा नसतोच. घासाघीस करून मिळतं ते मेमरी कार्ड, फिल्टर, बॅग. पहिले चार महिने मी एमओपीवर घासाघीस करण्यात घालवले. मग ते दुकानदार एकदा शांतपणे म्हणाले, "मॅडम, या लेन्समागे मला जे सुटतं त्यात मी तुम्हाला दोन हजार सोडले तर दिवसभर दुकान उघडं ठेवण्यात अर्थ नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भावावरून बोलले नाही. फक्त विचारत राहिले, आणि तेही प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत राहिले.

दिवाळीत लिस्टवरचा भाव होता १,६९,९९०. त्यावर एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर साडेसात हजारांचा कॅशबॅक. म्हणजे १,६२,४९०. सणाची सूट धरूनही फेब्रुवारीपेक्षा ४,४९० रुपये जास्त. त्या आठवड्यात डॉलर पहिल्यांदा ८३ रुपयांच्या वर गेला होता. मी वहीत लिहिलं, "थांबू. उतरेल." आज ते पान उघडलं की तो शब्द डोळ्यांत येतो. उतरेल असं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

विनाव्याज हप्त्याचाही विचार त्याच वेळी केला. बँकेच्या माहितीपत्रकातलं बारीक अक्षर वाचल्यावर कळलं की व्याज लागतंच, तेवढी रक्कम आधी सूट म्हणून किमतीतून वजा होते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम मोठी नसते, पण "विनाव्याज" म्हणजे "विनाखर्च" नव्हे. आणखी एक गोष्ट तिथेच कळली. बऱ्याचदा रोख किंमत देणाऱ्याला कार्डवाली सूट मिळत नाही. माझ्यासारखे पैसे साठवून एकदम देणारे लोक या योजनांमध्ये कुठेच बसत नाहीत.

२०२३ चं वर्ष मी येनच्या मागे घालवलं. कॅमेऱ्याच्या बहुतेक मोठ्या कंपन्या जपानी, म्हणजे येन घसरला की लेन्स स्वस्त व्हायला हवी, असं माझं साधं गणित होतं. येन घसरतही होता. मी वही सुरू केली तेव्हा शंभर येनला सुमारे ६५ रुपये पडत. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६१ येन झाले, तेव्हा शंभर येन जेमतेम ५२ रुपयांना होते. माझ्या वहीत मात्र एप्रिल २०२३ पासून एकच आकडा उतरत गेला आहे: १,७४,०००. चौदा-पंधरा महिने तोच. शेवटी मी दुकानात जाऊन कागदावर मांडून दाखवलं की ही लेन्स आता वीस टक्क्यांनी खाली यायला हवी. दुकानदारांनी कागद पूर्ण वाचला. म्हणाले, "मॅडम, पंचवीस वर्षं या काउंटरवर उभा आहे. येन पडला म्हणून एमओपी पडलेली मी पाहिलेली नाही. फार तर ऑफर येते, दोन महिन्यांनी ती जाते."

त्याचं कारण मी पुढे शोधत गेले. एक तर जपानी कंपनीची प्रत्येक लेन्स जपानमध्ये बनत नाही. सिग्मा आपल्या लेन्स जपानमधल्या आइझूच्या कारखान्यात बनवते. पण इतर कंपन्यांचे कारखाने थायलंड, चीन, तैवान, व्हिएतनाम असे पसरलेले आहेत. तिथले पगार, काच, जहाजभाडं येनमध्ये मोजलं जात नाही. दुसरं कारण मला जास्त पटलं. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले, आणि २०२१ मध्ये ८४ लाखांच्या आसपास. मधल्या काळात मोबाइलनं सगळं गिळलं. ज्या धंद्यात गिऱ्हाईक इतकं आटतं, तिथे उरलेल्या थोड्यांनाच महागाची वस्तू विकून कारखाना चालवावा लागतो. येन स्वस्त झाल्यानं सुटलेला पैसा कंपनी स्वतःकडे ठेवते, माझ्या बिलापर्यंत तो येत नाही. हे समजल्यावर मला राग आला नाही, उलट मोकळं वाटलं. ज्या गोष्टीची मी वाट पाहत होते ती घडण्याची काही व्यवस्थाच नव्हती.

मधल्या हिवाळ्यांत लेन्स भाड्यानं आणत होते. दिवसाला बाराशे रुपये, आणि अनामत वेगळी. भाड्याच्या लेन्सचा एक त्रास असा की पक्ष्यांना तुमची तारीख माहीत नसते. शनिवारी सकाळी पुण्याहून आणायची, रविवारी संध्याकाळी परत द्यायची. २०२४ च्या जानेवारीत एका रविवारी असंच लेन्स देऊन आले आणि सोमवारी सकाळी नावाड्याचा फोन: "ताई, पट्टकदंब आलेत, साठ-सत्तर, अगदी काठाला. बसलेत निवांत." हिमालयावरून उडून येणारे ते पक्षी. मी पहिल्या तासाला वर्गात पेशी शिकवत होते. दुपारी गेले तेव्हा काठावर पिसं होती आणि पायांचे ठसे. ते ठसे मी ७०-३०० नं टिपले. तो फोटो चांगला आहे.

२०२४ च्या डिसेंबरात न्यू जर्सीहून माझी मामेबहीण यायची होती. आपल्याकडे ज्याचं कुणी अमेरिकेत आहे त्याला हा सल्ला हमखास मिळतो, "तिकडून मागव, निम्म्यात पडेल." मी बसून मांडलं. लेन्स दोन हजार डॉलरची. त्या आठवड्यात डॉलर ८५ च्या पुढे गेला होता, म्हणजे १,७०,०००. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे सुमारे १,८१,०००. मुंबईला उतरल्यावर तेव्हा पन्नास हजारांपर्यंतच्या सामानाला शुल्क नव्हतं, त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के. ते पन्नास हजारांच्या वर गेलं. एकूण बेरीज २,३१,००० च्या पुढे. इथे तीच लेन्स १,७४,००० ला, बिलासकट आणि भारतातल्या वॉरंटीसकट मिळत होती. बाहेरून आणलेल्या वस्तूची वॉरंटी कंपनीची इथली शाखा सहसा मानत नाही. दोन किलोच्या लेन्समधली एक मोटर बिघडली तर काय होतं ते भाड्यानं देणाऱ्यांकडून मी ऐकलं होतं.

बहीण म्हणाली, "अगं ताई, डबा टाकून देते, गळ्यात अडकवून आणते, कोण विचारतंय?" मी नको म्हणाले. ती रागावली नाही, पण तिला ते पटलंही नाही. माझी अडचण एवढीच होती की त्या लेन्सनं काढलेले फोटो मी वर्गात मुलांना दाखवणार होते.

असाच दुसरा प्रसंग मुंबईतल्या एका दुकानात. काउंटरवरच्या माणसानं आवाज खाली करून सांगितलं, "बिल नको असेल तर वेगळा भाव आहे." तो भाव जवळपास कराएवढाच कमी होता. मी लेन्सवरचा क्रमांक टिपून घेतला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारला, तर तो त्यांच्या भारतातल्या नोंदीतच नव्हता. तशी लेन्स काही वाईट नसते, काच तीच असते. पण ती बिघडली, हरवली किंवा विकायची वेळ आली, तर हातात कागद नसतो. विकण्याचा विचार मी तेव्हा केलाही नव्हता. पुढे कळलं की सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं आयातशुल्काची घोषणा केली आणि फोटोग्राफीच्या जगात एकदम धावपळ झाली. जपानी मालावर आधी २४ टक्के जाहीर झालं, मग स्थगिती, मग जुलैमध्ये १५ टक्क्यांवर समझोता. दरम्यान सिग्मानं २ जूनपासून आणि निकॉननं २३ जूनपासून अमेरिकेतले भाव वाढवले. बहिणीचा फोन आला, "ताई, बरं झालं नाही घेतलीस. नाही, म्हणजे तेव्हाच घ्यायला हवी होती. आता इथेच महाग." इथे आमच्याकडेही अफवा उठली की आता भारतातही वाढणार, आजच घ्या. अमेरिकेनं लावलेलं शुल्क आपल्या बिलात येत नाही, हे मला दुकानदारांनी समजावून सांगितलं. तरी जूनच्या ओळीत आकडा आहे १,८२,०००. तीनच आठवडे आधी त्यांनी स्वतःहून फोन केला होता: "मॅडम, एक तारखेपासून वाढणार आहे. माझ्याकडे जुन्या भावाचा एक नग आहे, ठेवू का?" भाववाढीच्या काळात खरा फायदा इथे असतो. नवी लिस्ट आली तरी दुकानात पडून असलेला जुना नग काही दिवस जुन्याच भावाला मिळू शकतो, पण तो मिळतो ओळखीच्या गिऱ्हाइकाला. साडेतीन वर्षांच्या माझ्या फोनांची ती कमाई होती. मी मात्र त्या वेळी घरी पावसाच्या गडबडीत होते. मेमध्येच बारामतीत असा पाऊस कोसळला की पुढचे कितीतरी दिवस कुणालाच दुसरं काही सुचलं नाही. तो नग गेला.

जूनच्या शेवटी मी वही घेऊन बसले आणि पहिल्यांदाच सगळा हिशेब एकत्र मांडला.

१,५८,००० वरून १,८२,०००. वाढ २४,०००, म्हणजे सुमारे १५ टक्के. त्याच काळात डॉलर ७५ रुपयांवरून ८६ च्या आसपास गेला होता. तीही वाढ सुमारे १५ टक्क्यांचीच. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. म्हणजे लेन्स महाग झालीच नव्हती, माझा रुपया तेवढा हलका झाला होता. येन, दिवाळी, नवं मॉडेल, आर्थिक वर्षाचा शेवट हे सगळं मी तपासत होते, आणि भाव चालला होता एकाच दोरीनं. मग मुदत ठेवीचं व्याज पाहिलं. साडेसतरा हजारांच्या आसपास. ते वजा केलं तर थांबल्यामुळे झालेला तोटा साडेसहा हजारांचा. साडेतीन वर्षांत साडेसहा हजार! एवढ्यासाठी मी किती सकाळी चिडचिड केली होती. आणि भाड्यापोटी गेलेले? चौदा दिवस, १६,८०० रुपये. तेही एक वेळ सोडून देऊ. पण त्या पानाच्या तळाशी मी तीन हिवाळ्यांची नावं लिहिली, २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५, आणि पुढे किंमत लिहिता येईना.

तेव्हा ठरवलं की येत्या नोव्हेंबरच्या आत, जो भाव असेल त्या भावात, हातात लांब लेन्स असेल. नवीच हवी हा हट्टही सोडला. आत आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आल्यापासून लोक आरशाच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्स काढून टाकताहेत. २०१५ च्या सुमारास आलेल्या १५०-६०० जातीच्या लेन्स आज अडॅप्टर, म्हणजे जोडणीची कडी, लावून नव्या कॅमेऱ्यांवर चालतात, थोड्या सावकाश फोकस होतात इतकंच. वापरलेल्या मालाच्या बाजाराला तर स्वतःचं पंचांग आहे. ताडोबाचा गाभा १ जुलैला बंद होतो, वाघवाले घरी बसतात. स्थलांतरित पक्षी तर त्याआधीच परतलेले असतात. पावसात बुरशीची धास्ती असते. त्यामुळे लांब लेन्स विकायला निघतात त्या जुलै-ऑगस्टमध्ये. माझा भाचा लग्नाची कामं करतो, तो सांगतो की चातुर्मास लागला की ७०-२०० चंही तेच होतं आणि तुळशीच्या लग्नानंतर भाव पुन्हा चढतात. त्याचा स्वतःचा खरेदीचा मुहूर्त मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत. यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा निम्माच मिळतो, हे त्याला त्याच्या सीएनं बजावलंय. शिवाय जीएसटी नोंदणी असल्यानं त्याला कराची वजावट मिळते. त्याचा भाव आणि माझा भाव कधीच एक नव्हता. मी उगीच त्याच्याशी तुलना करत होते.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मुंबईला बोरा बाजारात गेले. सीएसएमटीजवळच्या त्या गल्लीत कॅमेऱ्याची इतकी दुकानं आहेत की तासाभरात पाच लेन्स हातात घेऊन पाहता येतात. पाहायचं कसं ते शिकून गेले होते. मागचं झाकण काढायचं, मोबाइलचा दिवा एका बाजूनं आत सोडायचा आणि दुसऱ्या बाजूनं डोळा लावायचा. धूळ दिसली तर घाबरायचं नाही, प्रत्येक जुन्या लेन्समध्ये ती असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, खाली ठेवायची. माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या कडीच्या, स्क्रूंच्या खाचा घासलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडखळते का ते बघायचं. तिथली तिसरी लेन्स मला आवडली होती, भावही बरा होता. पण दिव्यात कडेला तो पांढरा तंतू दिसला. दुकानदार स्वतः म्हणाले, "साफ होईल, पण परत येणार नाही असं मी सांगणार नाही." त्यांच्या त्या खरेपणाबद्दल आभार मानून मी निघाले.

माझी लेन्स मिळाली पुण्यात, सहकारनगरला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, वय एकाहत्तर. मणक्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. दोन किलोची लेन्स त्यांनी मऊ पंच्यात गुंडाळून आणली. आधी चहा, मग उपमा, मग लेन्स, असा त्यांच्या घरचा क्रम होता. मूळ बिल, वॉरंटी कार्ड, डब्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा जागच्या जागी. त्यांच्या कोरड्या कपाटातला आर्द्रतेचा काटा पंचेचाळीसवर होता. साठाच्या वर गेला की बुरशीला बरं वाटतं, म्हणाले.

मी वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पानं उलटली. २०११ च्या ऑक्टोबरची आठवण सांगितली, थायलंडला पूर आला आणि अयुथ्थयाचे कारखाने पाण्याखाली गेले तेव्हाची. त्यांनी मनात धरलेली लेन्स त्या वेळी महिनोन्महिने बाजारात दिसलीच नाही. मग म्हणाले, "थांबून एकदाच फायदा झाला मला. २०१८ च्या डिसेंबरात कॅमेरा घ्यायचा होता. २२ तारखेला जीएसटी परिषदेनं डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर २८ वरून १८ केला, १ जानेवारीपासून. मी दहा दिवस थांबलो आणि करापूर्वीच्या किमतीच्या दर लाखामागे दहा हजार वाचले. पण ताई, तेव्हा तारीख छापून आली होती. तुम्ही तारीख नसलेल्या गोष्टीसाठी थांबलात."

गच्चीवर नेऊन त्यांनी लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर लावायला सांगितली. तळजाईच्या टेकडीवर ढग होते आणि दोन घारी फिरत होत्या. पहिल्या काही चौकटींत घार सुटली, मग फोकस बसायला लागला. शेजारच्या इमारतीच्या विटांचा एक फोटो सहाशेला काढून कडा तपासल्या. काका सगळा वेळ मागे उभे होते, काही बोलले नाहीत. खाली येऊन त्यांनी अठ्ठ्याहत्तर सांगितले. मी म्हणाले, "काका, मला बहात्तर जमतील. अडॅप्टरही घ्यायचाय." ते काकूंकडे बघून म्हणाले, "शाळेतल्या मुलांना दाखवणार आहेत म्हणे." बहात्तरला ठरलं. त्यांनी बिलाच्या मागे स्वतःच्या हातानं विक्रीची नोंद, तारीख आणि लेन्सचा क्रमांक लिहून सही केली. जिन्यापर्यंत आले. लेन्स माझ्या खांद्यावर होती, पण त्यांचा हात एकदा नकळत पट्ट्याकडे गेला आणि मागे आला.

पुढे ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली तेव्हा माझं मन क्षणभर डळमळलं. महाविद्यालयातले एक सहकारी कॅमेरा घ्यायचे थांबले, "दिवाळीपर्यंत स्वस्त होणार." २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर आले. कॅमेरे २०१९ पासूनच १८ वर होते, ते तिथेच राहिले. डिसेंबरात डॉलर नव्वदी पार गेला. सहकारी अजून थांबलेत. मी त्यांना वही वाचायला दिली आहे.

त्या वर्षी उजनी काठोकाठ भरलेली, चिखल उघडा पडायला उशीर झाला, रोहित उशिराच आले. जानेवारीच्या अखेरीस नावाड्याचा फोन आला. होडी पूर्वीच्याच अंतरावर थांबली, मी बूड टेकवून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून बसले. पाऊण तास एकही पक्षी उठला नाही. एक पिल्लू, अजून करड्या पिसांचं, आईच्या मागे मागे चिखलात चोच घालत होतं आणि दर दोन पावलांनी मान वर करून बघत होतं. ते मला डोळ्यांतल्या चमकेसकट मिळालं.

संध्याकाळी तो फोटो काकांना पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा आवाजी निरोप आला. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "छान आहे. पिसांची कड जरा मऊ आलीय. सहाशेला त्या लेन्सचं छिद्र एफ आठवर ठेवा, त्याहून जास्त उघडू नका. आणि पुढच्या वेळी मलाही घेऊन चला, मी काही उचलणार नाही, नुसता बसेन."